हातभर उजेड

फुलबाजी लावून पळता येत नाही. तिचा सगळा स्वभाव एवढ्या एका गोष्टीत आला. सुतळी बॉम्बची वात धरली की कानात बोटं घालून धूम ठोकायची, भुईनळा पेटला की चार पावलं मागं सरायचं, भुईचक्र पायाकडं यायला लागलं की उड्या मारायच्या, बाण सुटला की तो कुणाच्या छपरावर पडतोय या धास्तीनं माना वर करायच्या. फुलबाजी पेटवणाऱ्याच्या हातात असते आणि विझेपर्यंत हातातच राहते. म्हणून फटाक्यांच्या पिशवीत ती सगळ्यांत गरीब दिसली, तरी घरातल्या सगळ्यांत धाकट्या पोराच्या हाती पहिल्यांदा तीच येते. गुडघे धरलेल्या आजीलाही दिवाळीत चार ठिणग्या उडवाव्याशा वाटल्या, तर तिच्यासाठीही हीच.

दिसायला तिच्यात काही नाही. लोखंडाची बारीक तार, तिच्यावर बऱ्याचशा लांबीपर्यंत करड्या रंगाचा खडबडीत लेप, उरलेला भाग बोटांसाठी मोकळा. पुठ्ठ्याच्या चपट्या डबीत दहा जणी एकमेकींना चिकटून निजलेल्या असतात. डबी उघडली की तळाशी गळून पडलेली राखाडी पूड सांडते आणि बोटं काळपट होतात. वडगावच्या, कामशेतच्या, लोणावळ्याच्या बाजारात दिवाळीआधी फटाक्यांचे गाळे लागतात, तिथं दुकानदार विचारतो, ‘इलेक्ट्रिक देऊ, का रंगीत?’ इलेक्ट्रिक म्हणजे आपली साधी, पांढऱ्या-सोनेरी ठिणग्यांची. विजेशी तिचा काही संबंध नाही, पण डबीवर तसं छापलेलं असतं आणि मावळातल्या पोरासोरांच्या तोंडी ते नाव पक्कं बसलेलं आहे. रंगीत फुलबाजी लाल-हिरवी ज्योत दाखवते, पण ठिणग्या कमी देते आणि धूर जास्त. ती एकदा कौतुकानं घेतात, मग पुढच्या वर्षी पुन्हा इलेक्ट्रिकच्या डब्या मागतात.

पेटायला ती फार वेळ घेते. पणतीच्या ज्योतीवर टोक धरायचं आणि वाट पाहायची. ज्योत टोकाला चाटते, टोक काळं पडतं, लाल होतं, पुन्हा काळं पडतं. धरणाऱ्याचा हात अवघडतो. शेजारचं पोर ‘माझी आधी, माझी आधी’ करत असतं. वाऱ्याची एक झुळूक आली की पणती फडफडते आणि सगळं पहिल्यापासून. मग एका क्षणी टोकाशी ‘चर्र’ होतं, एखादीच ठिणगी उडते, पाठोपाठ दुसरी, आणि बघता बघता टोकावर लखलखीत गोळा उभा राहून चहूकडं काटे फुटायला लागतात. तिथून पुढं ती कुणाचं ऐकत नाही. फुंकर मारून विझत नाही, झटकून थांबत नाही. तारेवरून आपल्या चालीनं खाली उतरत येते.

जवळून पाहिलं तर प्रत्येक ठिणगी सरळ जात नाही. थोडं अंतर सरळ जाते आणि मग तिला फांद्या फुटतात. लेपात लोखंडाचा कीस असतो. तो तापून, वितळून बाहेर फेकला जातो आणि हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडताच जळू लागतो. लोखंडात मुरलेल्या कर्बाचा वायू होतो, तो त्या इवल्याशा थेंबाला आतून फोडतो, आणि एका ठिणगीच्या चार होतात. पांढरा लखलखाट ॲल्युमिनियमच्या भुकटीचा. जळायला लागणारा प्राणवायू पुरवण्याचं काम वर्षानुवर्षं बेरियम नायट्रेटनं केलं. हे सगळं खळीसारख्या डिंकात कालवून तारेवर बसवलेलं असतं. जळत्या टोकाचं तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जातं. हातावर पडलेली ठिणगी नुसती टोचल्यासारखी वाटते, कारण तिचा जीवच तेवढा. पण टोक म्हणजे टोक, त्याच्याशी खेळ नाही.

तिचं माहेर तमिळनाडूतलं शिवकाशी. भारतातले बहुतेक फटाके तिथूनच येतात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे नात्यातले भाऊ कलकत्त्याला जाऊन काडेपेट्या बनवायचं काम शिकून आले, आणि काडेपेटीच्या पाठोपाठ शोभेच्या दारूचे कारखाने उभे राहिले. शिवकाशी कोरडी. पाऊस जेमतेम, ऊन बारा महिने. शेतीला जे मारक, ते या धंद्याला तारक ठरलं. चौकटीत ओळीनं तारा बसवायच्या, लगद्यात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा बुडवायच्या. फुलबाजीच्या जन्माला ऊन लागतं, आणि ते तिथं फुकट आहे.

तिथून ती निघते आणि मावळात येते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऑक्टोबर उजाडला तरी भिंतींची ओल गेलेली नसते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरा आलेला असतो, मीठ ओलं असतं, काडेपेटी तीन काड्या मोडल्याशिवाय पेटत नाही. कोरड्या गावची ही लेक अशा दमट घरी नांदायला आली, की चार दिवसांत सादळते. बाहेरून काही कळत नाही. लेप तसाच करडा, तसाच खडबडीत. पणतीवर धरली की मात्र नुसती धुमसते, टोकाशी एक लाल ठिपका फिरतो आणि विझतो. आमच्याकडच्या पोरांना नागगोळी किंवा टिकल्यांची बंदूक समजायच्या आधी ‘सादळली’ हा शब्द कळतो.

त्यामुळं दिवाळीच्या आधी फुलबाज्यांना ऊन दाखवणं हा मावळातला एक मोठा कार्यक्रम. आमच्या घरी ते काम आत्याकडं असायचं. वसुबारसेच्या आदल्या दिवसापासून ती आभाळाकडं बघत असे. दहा वाजता धुकं वर गेलं की अंगणात सूप यायचं, सुपात जुनं वर्तमानपत्र, आणि त्यावर डब्यांतून काढलेल्या फुलबाज्या ओळीनं, डोकी सगळी एका बाजूला. एकमेकींना टेकलेल्या चालायच्या नाहीत. चुलीजवळ किंवा बंबाजवळ ठेवून लवकर वाळवू, असं कुणी म्हटलं तर तिचा आवाज चढायचा: ‘घर जाळायचंय का? ऊनच पाहिजे तिला.’ दुपारी ती एकेकीला उलटी करायची, पापड उलटतात तशी, आणि ऊन कलायच्या आत सूप घरात. लोणावळ्याच्या बाजूनं एखादा काळा ढग सरकलाच तर सगळं घर सुपाकडं धावायचं. वाळत घातलेले कपडे भिजले तरी चालतील, फुलबाज्या भिजता कामा नयेत. संध्याकाळी आत्या त्यातली एक उचलून नखानं टकटक करायची. आवाज टणक आला की तिचं समाधान व्हायचं. त्या आवाजावरून तिला काय कळत होतं, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही, पण तिनं पास केलेली फुलबाजी कधी रुसली नाही.

नरकचतुर्दशीची पहाट हा तिचा खरा मानाचा वेळ. मराठी घरात अभ्यंगस्नान एकट्यानं होत नाही. अंगाला तेल चोळून झालेलं, उटण्याचा वास सगळ्या घरात, पाट मांडलेला, पायाखाली चिरडायला कारीट. न्हाणाऱ्याच्या डोक्यावर पहिला तांब्या पडला की बाहेर उभ्या असलेल्या भावंडांनी फुलबाज्या लावायच्या. आंघोळ करणाराचं अंग थंडीनं आणि गरम पाण्यानं एकाच वेळी शहारलेलं, डोळ्यांत साबण, आणि त्या साबणातून दिसणारा तो काटेरी उजेड. ज्यानं लहानपणी हे पाहिलं त्याला फुलबाजी हा फटाका वाटतच नाही. ती आंघोळीचाच भाग होते. बॉम्ब शत्रूला घाबरवायला लावावा तसा लावतात. फुलबाजी आपल्या माणसाला ओवाळल्यासारखी धरतात.

आणि मावळात त्या पहाटे धुकं असतं. इंद्रायणीवरून उठलेलं, खाचरांवर पसरलेलं, इतकं दाट की समोर लोहगड आणि विसापूर आहेत यावर आठवणीच्या भरवशानंच विश्वास ठेवायचा. कोरड्या हवेत फुलबाजीच्या ठिणग्या सुट्या दिसतात. धुक्यात त्यांच्याभोवती पांढऱ्या उजेडाचा एक गोल तयार होतो, धरणाराच्या डोक्यापेक्षा मोठा, आणि त्या गोलात त्याचा चेहरा, हाताची बोटं, स्वेटरची सुटलेली लोकर, सगळं स्पष्ट दिसतं. गोलाच्या बाहेर काहीच नाही. शेजारच्या आळीत कुणी लावली तर माणूस दिसत नाही, नुसता गोल दिसतो. पुण्याहून किंवा मुंबईहून दिवाळीला आलेल्या नातेवाइकांना आम्ही मुद्दाम पहाटे उठवून हे दाखवतो. लोणावळ्याच्या रिसॉर्टांमध्ये हल्ली लग्नात नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना यंत्रातून थंड ठिणग्यांची कारंजी उडवतात, ‘कोल्ड पायरो’ म्हणतात त्याला. ते दिसायला झगझगीत असतं यात वाद नाही. पण ते कुणाच्या हातात नसतं, म्हणून मला ते फुलबाजीचं नातलग वाटत नाही.

दिवाळी आणि भातकापणी मावळात हातात हात घालून येतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आज साऱ्या महाराष्ट्रात वासावरून ओळखतात. तो याच दिवसांत खाचरांतून निघत असतो. खळ्यावर भारे येऊन पडलेले, झोडपणी चाललेली, कडेला पेंढ्याच्या गंज्या. बाण उडवणाऱ्या पोराला गावातला कुणीही मोठा माणूस कान धरून घरी नेऊन सोडतो, कारण एक ठिणगी गंजीत पडली की वर्षाची वैरण गेली. डोंगरावरचं गवतही तेव्हा पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि वणवा कुणाच्या सांगण्यानं थांबत नाही. अशा गावात फुलबाजीला मात्र मोकळीक असते. तिची झेप हातभर. अंगणातल्या मातीच्या किल्ल्यासमोर पोरं तिला धरून बसतात. मागं खराखुरा लोहगड, पुढं पोरांनी चिखलानं लिंपलेला, हळिवाचे कोंब फुटलेला छोटा लोहगड, आणि बुरुजाबुरुजावरच्या मावळ्यांच्या सावल्या तिच्या उजेडात भिंतीवर नाचतात. विझलेल्या, थंड झालेल्या तारेला भगवा कागद चिकटवून ती किल्ल्याच्या माथ्यावर रोवली की निशाण तयार.

जपानात तिची एक बहीण आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. तिचं नाव सेन्को हानाबी. तिकडं फटाक्यांचा मोसम उन्हाळा. शाळांना सुट्ट्या, पितरांच्या ओबोन सणासाठी घरी आलेली माणसं, सुती युकाता घातलेली पोरं, अंगणात किंवा नदीकाठी, शेजारी पाण्याची बादली. मोठी आतषबाजी नदीवर होते ती वेगळी. ही घरची, मुलांच्या खेळण्यांत जमा होणारी आतषबाजी, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी. सगळं उडवून झालं की शेवटी सेन्को हानाबी काढतात. तिचे दोन प्रकार. पूर्वेकडं हातकागदाच्या पट्टीत चिमूटभर दारू गुंडाळून पीळ दिलेला. पश्चिमेकडं, जिथं भात पिकतो, तिथं भाताच्या पेंढ्याची काडी घेऊन तिच्या टोकाला दारूचा लेप. सोरा, गंधक आणि काजळी, एवढंच. ॲल्युमिनियम नाही, लोखंड नाही. पेटल्यावर टोकाशी वितळलेला एक लाल थेंब लोंबतो, आणि त्या थेंबातून ठिणग्या निघतात. जपानी लोकांनी तिच्या आयुष्याच्या पायऱ्यांना फुलापानांची नावं दिली आहेत: आधी कळी, मग पिओनीचं फूल, मग पाइनच्या सुया, मग विलोच्या झुकलेल्या फांद्या, आणि अखेरीस पाकळ्या गाळणारी शेवंती. थेंब पडू नये म्हणून श्वास रोखून, उकिडवं बसून, हात न हलवता धरायची. कुणाची जास्त वेळ टिकते याची पैज लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानात बनणारी सेन्को हानाबी स्वस्त चिनी मालापुढं जवळजवळ संपली होती. फुकुओका प्रांतातल्या एका छोट्या कारखान्यानं पेंढ्याच्या काडीची ती विद्या अजून धरून ठेवली आहे.

तोराहिको तेरादा हे तिथले मोठे भौतिकशास्त्रज्ञ आणि तितकेच मोठे निबंधकार. १९२७ मध्ये त्यांनी सेन्को हानाबीवर लिहिलं. तिच्या जळण्यात त्यांना कवितेची आणि संगीताची चाल दिसली, आणि एवढी साधी गोष्ट कुणी नीट अभ्यासत का नाही, अशी हळहळ वाटली. त्यांचे विद्यार्थी उकिचिरो नाकाया, ज्यांनी पुढं १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, त्यांनीही या ठिणग्यांवर प्रयोग केले. २०१७ मध्ये चिहिरो इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यानं पाहिलं, की एक थेंब फुटतो, त्याचे थेंब पुन्हा फुटतात, त्यांचेही पुन्हा, म्हणून ती पाइनच्या सुयांसारखी नक्षी उमटते. पण तेरादांच्या त्या लेखात एक गोष्ट मला लागली. त्या काळी जपानात नव्यानं आलेल्या, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या झगझगीत फटाक्यांना त्यांनी नावं ठेवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं एकसुरी जळणं, ताल नाही, लय नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या फटाक्यांना जपानीत तेव्हा ‘विजेचे फटाके’ म्हणत. म्हणजे आपली इलेक्ट्रिकच.

तेरादांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण इथं त्यांचं पटत नाही. एकटी फुलबाजी पाहिली तर ती एकसुरी आहे, मान्य. पेटली की एकाच जोरानं शेवटपर्यंत जाते. पण तिला एकटी पाहायचीच नसते. तिची लय दोन फुलबाज्यांच्या मध्ये असते. एकीची संपत आली की दुसऱ्यानं आपली न पेटलेली तिच्या टोकाला लावायची. दोन पोरं समोरासमोर, दोघांचे हात लांब, दोन्ही टोकं एकमेकांत. जळती उतरत चाललेली, गार अजून पेटत नाही, ‘थांब थांब, हलवू नकोस’ अशी ओरड, आणि अगदी संपता संपता दुसरी पेट घेते. मग तिसरा येतो. मावळातल्या दमट हवेत तर ही घालमेल जास्तच, कारण कुठली सादळलेली निघेल याचा नेम नाही. पणतीपासून एकदाच घ्यायचा विस्तव आणि मग हातोहात साऱ्या आळीत फिरवायचा, हा आमच्याकडचा पोरांचा पण असतो. सेन्को हानाबी धरणाऱ्याला आपल्या काडीत गुंतवून ठेवते. फुलबाजीला शेजारी लागतो. हे सौंदर्य जास्त की ते, अशी तुलना मी करणार नाही, पण लय इथंही आहे आणि ती माणसामाणसांतून वाहते, एवढं मात्र ठासून सांगेन.

आपल्याकडं शोभेच्या दारूची हौस काही नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास कागदपत्रांतून शोधून काढला. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातल्या लग्नसोहळ्यातही त्यांना दारूकाम सापडलं. सवाई माधवरावांच्या काळात महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतल्या दारूच्या लंकेचं वर्णन पेशव्यांना ऐकवल्याची हकिकत बखरीत आहे. राजेलोकांची आतषबाजी अशी, दुरून बघायची. मावळात दारूचा आणखी एक संसार आहे. इथल्या गडांवर एके काळी तोफांची दारू राखली गेली, आणि आज देहूरोडच्या आयुधनिर्माणीत सैन्यासाठी धुराचे, इशाऱ्याचे आणि रात्री रणांगण उजळवणारे दारूगोळे तयार होतात. त्या सगळ्या दांडग्या खानदानात फुलबाजी हे शेंडेफळ. तिला ना राजा लागतो ना शत्रू.

पण शेंडेफळ म्हणून तिचे लाड करताना काही गोष्टींकडं डोळेझाक करता येत नाही. २०१६ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं लहान मुलांच्या आवडत्या फटाक्यांचा धूर मोजला, तोही मुलं ज्या अंतरावर उभी असतात त्या अंतरावरून. फुफ्फुसात खोल जाणारे बारीक कण नागगोळीनं हवेत सोडले ते एका घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या माळेनं ३८,५४०. फुलबाजीनं १०,३९०. भुईनळ्यानं ४,८६०. म्हणजे आवाज न करणारी नागगोळी सगळ्यांत वाईट, आणि आपली फुलबाजी तिच्याहून पुष्कळ बरी असली तरी भुईनळ्याच्या दुप्पट. शिवाय भुईनळ्यापासून आपण मागं सरतो, फुलबाजी तोंडापासून हातभरावर असते. हे आकडे वाचल्यापासून आमच्या घरी न्हाणीच्या दारात फुलबाजी लावणं बंद झालं. आता न्हाणाऱ्याला अंगणात पाटावर बसवतात आणि फुलबाज्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला धरतात. थंडी जास्त वाजते, पण खोकला होत नाही. ज्या घरात दम्याचं माणूस आहे तिथं ती लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वोच्च न्यायालयानं २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी केली, आणि कमी धुराचे हिरवे फटाके बनवायचं काम नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या पुढाकारानं सुरू झालं. बेरियम ज्यांच्या मुख्य मिश्रणात होतं त्यांत फुलबाजी पुढं होती. तिला आपलं पोटच बदलावं लागलं. आता चांगल्या डबीवर नीरीचं हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. डबी घेताना ते बघावं. दुकानदाराला विचारायला लाजू नये.

विचारायचं आणखी एक कारण आहे, आणि ते मावळाच्या वेशीवर घडलेलं आहे. ८ डिसेंबर २०२३ ला देहूजवळच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका विनापरवाना कारखान्यात आग लागली. आत काम करणाऱ्या बहुतेक बायका. काही जागीच गेल्या, काही नंतर दवाखान्यात. केकवरची ती मेणबत्ती म्हणजे फुलबाजीचंच धाकटं रूप, मुलांच्या टाळ्यांसाठी केलेलं. शिवकाशीतल्या कारखान्यांतही असे स्फोट होत आले आहेत, त्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. तळवडं पान उलटून मागं टाकता येत नाही, ते आमच्या वेशीवरच आहे. आपल्या पोराच्या हातातली तार कुणीतरी एकेक करून चौकटीत बसवली, लगद्यात बुडवली, उन्हात मांडली. त्या हातांना छप्पर, दार, वाळू, पाणी आणि रीतसर मजुरी मिळाली का, हा प्रश्न डबीच्या किमतीत धरला पाहिजे. दोन रुपये स्वस्त म्हणून कुठल्याही नावाची, पत्ता नसलेली डबी उचलणं मला आता जमत नाही.

फुलबाजी विझली तरी तिच्याशी व्यवहार संपत नाही. ठिणग्या थांबल्यावर तार काळी दिसते आणि नवख्या पोराला वाटतं, झालं. पण ती कितीतरी वेळ भाजण्याइतकी तापलेली असते. दिवाळीत मुलांचे तळपाय भाजतात ते बहुधा बॉम्बनं नाही, अंगणात टाकलेल्या अशा तारेवर अनवाणी पाय पडून. म्हणून पाण्याची बादली हवीच. या बाबतीत जपानी माणसांची शिस्त आपण जशीच्या तशी उचलावी. मावळात बादलीचं आणखी एक कारण सांगतात. गोठा अंगणाला लागून, पेंढा सगळीकडं पसरलेला, आणि तार पेंढ्यात गेली तर गुराच्या पोटात जाते. पोटातून ती काळजापर्यंत टोचत गेली की जनावर हातचं जातं. त्यामुळं आमच्याकडं जितक्या पेटल्या तितक्या तारा बादलीत पडल्या का, हे मोजल्याशिवाय पोरांना फराळाला बसू देत नाहीत. एक कमी भरली तर बॅटरी घेऊन सगळं अंगण धुंडाळायचं.

भाऊबीज झाली तरी फुलबाज्या संपत नाहीत, कारण तुळशीचं लग्न बाकी असतं. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आळीत रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात लग्न. वृंदावनाला उसाचा मांडव, पुढ्यात बोरं, चिंचा, आवळे, अंतरपाट म्हणून घरातलंच एखादं धुतलेलं उपरणं. एव्हाना बॉम्ब, माळा, भुईचक्रं संपलेली असतात. मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की वाजंत्र्यांच्या जागी फुलबाज्याच पुढं होतात. पोरापोरींच्या दोन्ही हातांत एकेक, आणि म्हाताऱ्यांनाही आग्रह करून एक.

हे सगळं त्याच पंधरवड्यात संपवायचं असतं. काही डब्या पुढच्या वर्षाला ठेवू, असं एखादं काटकसरी पोर दरवर्षी सुचवतं. आत्या त्याला विचारायची, ‘मावळचा पावसाळा काढायचाय का तिला? लाव आजच.’ आषाढातल्या त्या ओलीतून फुलबाजी वाचत नाही, हे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा पिशवी झाडून उरलेल्या डब्या ओट्यावर मांडतात आणि वाटणी होते. चार डब्या आजच्या लग्नाला, दोन परवा समोरच्यांकडं, आणि शेवटची पौर्णिमेला कोपऱ्यावरच्या वहिनींच्या तुळशीला, कारण त्यांच्याकडं यंदा नवं बाळ आलंय आणि त्याच्या हातात पहिली फुलबाजी द्यायचीय. बाळाचा हात धरून ती कुणी लावायची, यावरून पोरांची हुज्जत मात्र द्वादशीपासूनच सुरू झालेली असते.